सोसायटीतल्या ६३ जणांचा मोबाइल नंबर २१४७४८३६४७! ही संख्या आहे तरी कोण?

सेक्रेटरी_नाइलाजाने

मंडळी, मी डोंबिवलीतल्या एका ६४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी. निवडून वगैरे आलेलो नाही, मीटिंगला उशिरा पोचलो म्हणून झालो.

गेल्या महिन्यात सभासदांची यादी वहीतून कॉम्प्युटरवर चढवून घेतली. ओळखीतल्या एका मुलाने छोटंसं सॉफ्टवेअर करून दिलं. काल टँकर येणार नाही असा मेसेज सगळ्यांना पाठवायचा होता म्हणून यादी उघडली. १०१ चा मोबाइल २१४७४८३६४७. १०२ चा २१४७४८३६४७. खाली सरकत गेलो, सगळीकडे तेच. ६३ फ्लॅट, एकच नंबर. फक्त २०३ च्या आजोबांचा बरोबर आहे, आणि तो मोबाइल नाहीच, लँडलाइन आहे.

मुलगा म्हणतो, "काका, मी टाकताना बरोबर होतं." बायको म्हणते हॅक झालं. मी त्या नंबरवर फोनही लावून बघितला, बाई म्हणाली नंबर तपासून पाहा.

हा आकडा कुठून आला? कुणाचा आहे?

झोपाळू_प्रोग्रामर

काका, हॅकबिक काही नाही. त्या मुलाने मोबाइलच्या रकान्याचा प्रकार "पूर्णांक" असा ठेवलाय. त्या प्रकाराला ३२ बिटांची जागा मिळते, म्हणजे ० किंवा १ बसेल अशी ३२ घरं. एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरले ३१. एकतीस घरांत सगळीकडे १ भरले की जी संख्या होते ती २^३१ − १ (२ चा ३१ वा घात वजा १), म्हणजेच २१४७४८३६४७. त्या डब्यात याहून मोठं काही बसतच नाही.

आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा अंकी. म्हणजे सगळेच्या सगळे या मर्यादेच्या वर. काही डेटाबेस अशा वेळी चूक दाखवून थांबतात, काही गुपचूप "बसेल तेवढं" भरून मोकळे होतात. तुमचा दुसऱ्या जातीचा. आजोबांची लँडलाइन सात अंकी, ती आरामात बसली.

वाईट बातमी: मूळ नंबर त्यात कुठेही शिल्लक नाहीत. वही जपून ठेवलीये ना?

सेक्रेटरी_नाइलाजाने

वही आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये, तिच्यावर चहाचा कप ठेवतात.

डॅलसकर

हा हा! काका, तुमचे ६३ सभासद आमच्या गावात राहायला आलेत. २१४ हा आमच्या डॅलसचा एरिया कोड. अमेरिकेत तो आकडा २१४-७४८-३६४७ असा लिहिला की चांगला घरगुती फोन नंबर वाटतो. इथे कुणाच्या यादीत तो दिसला तर लगेच लक्षातही येणार नाही. तुमच्याकडे निदान सगळ्यांचा एकच झाला म्हणून पकडला तरी गेला.

आमसूल

ही संख्या नुसती "डब्याचं झाकण" नाही हो. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून कुणीही तिला भागत नाही.

२^n − १ या साच्यातल्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. मारँ मर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू. १६४४ साली त्याने यादी दिली, की n = २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ असताना मूळ संख्या मिळते. यादी चुकली. ६७ आणि २५७ नको होते, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले. पण ३१ बरोबर होता. आपली ही या कुळातली आठवी.

मंदाकिनी_ठाणे

अंकांची बेरीज ४६, मग १०, मग १. मूलांक १, म्हणजे सूर्याचा अंक. सोसायटीला नेतृत्वाचा योग आहे. 🙂

आमसूल

मंदाताई, मूलांक १ म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी १, इतकंच. सूर्याला यात ओढू नका, त्याला २०३८ पर्यंत वेळ नाही. (ते का, ते प्रोग्रामर सांगतील.)

झोपाळू_प्रोग्रामर

सांगतो. अनेक जुन्या यंत्रणा वेळ मोजताना १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते याच डब्यात ठेवतात. डबा भरतो १९ जानेवारी २०३८ ला, मंगळवारी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्याच सेकंदाला चिन्हाचा बिट उलटतो आणि संख्या होते −२१४७४८३६४८. त्या मशीनच्या लेखी तेव्हा डिसेंबर १९०१ चालू झालेला असेल. नव्या यंत्रणा ६४ बिटांवर गेल्यात, पण भिंतीत चिणलेले मीटर आणि कारखान्यातली जुनी कंट्रोलर पेटी कोण बदलणार?

२०१४ च्या डिसेंबरात यूट्यूबवर "गंगनम स्टाइल"च्या व्ह्यूजनीही हाच आकडा ओलांडला होता, तेव्हा मोजणी ६४ बिटांची करून ठेवलेली होती. तिथली मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७.

सातारी_कंदी

मग तीही मूळ संख्या असणार ना? तीसुद्धा २^६३ − १ आहे.

निम्मा_गणिती

नाही. ६३ ला ३ ने भाग जातो, म्हणून २^६३ − १ ला २^३ − १, म्हणजे ७ ने भाग जातो. घातांक संयुक्त असला की संख्या संयुक्त, यातून सुटका नाही.

उलटं मात्र खरं नाही. घातांक मूळ असला तरी संख्या मूळ असेलच असं नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. इथेच लोक फसतात, मर्सेनही इथेच फसला. त्याच्या यादीतली २^६७ − १ कशी पडली ते प्रसिद्ध आहे. १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला, एका बाजूला २^६७ − १ चं उत्तर काढलं, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरं एक आली, तो जागेवर जाऊन बसला. म्हणतात की एक शब्द बोलला नाही.

सातारी_कंदी

असं भाषण आमच्या गॅदरिंगला का नाही मिळालं कधी.

पण मग २१४७४८३६४७ मूळ आहे हे कुणी आणि कसं ठरवलं? मर्सेनने तर अंदाजच केला होता ना? आणि तेव्हा कॅल्क्युलेटर कुठे होते?

निम्मा_गणिती

याच प्रश्नाची वाट बघत होतो. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

इटलीच्या कॅटाल्डीने त्याआधीच, १६०३ मध्ये, ३१ चं नाव घेतलं होतं. पण सोबत २३, २९ आणि ३७ ही घेतली होती, त्या तिन्ही चुकल्या. म्हणजे तोही नेम नव्हताच. सिद्ध केलं स्विस गणिती ऑयलरने. १७७२ मध्ये त्याने डॅनिएल बर्नूलीला पत्रातून कळवलं. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

साधा रस्ता काय? वर्गमूळ काढा, ते येतं ४६३४० आणि थोडं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघा. त्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. ऑयलरने काय केलं, तर आधी ठरवलं की भाजक कसा *असूच शकत नाही*.

समजा q या मूळ संख्येने २^३१ − १ ला भाग जातो. म्हणजे २ चे घात q ने भागत गेलात तर एकतिसाव्या घाताला बाकी १ येते. बाक्यांचं हे चक्र किती पावलांनी फिरून १ वर येतं? ती पावलं ३१ ची विभाजक असणार, आणि ३१ मूळ असल्याने पावलं बरोबर ३१. दुसरीकडे फर्माचा नियम सांगतो की q − १ व्या घातालाही बाकी १ च. म्हणून q − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. q विषम आहे, म्हणून ६२ ने. म्हणजे q = ६२k + १.

आता दुसरी चाळणी. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे q च्या जगात २ हा कुणाचा तरी पूर्ण वर्ग आहे. हे तेव्हाच जमतं जेव्हा q ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते.

दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवा. उरतात फक्त २४८m + १ आणि २४८m + ६३ या साच्यातल्या संख्या. ४६३४० पर्यंत त्या किती? पहिल्या साच्यात १८६, दुसऱ्यात १८७. ६३ ला ३ ने भाग जातो, तो काढला की ३७२. त्यातल्या मूळ तेवढ्या ठेवल्या तर शंभराच्या आत.

पहिला उमेदवार ३११. भागून बघा: ३११ × ६९०५०९२ + ३५. बाकी ३५, गेला. पुढचा १३०३, बाकी २२६. असं शेवटपर्यंत. कुणाचीच बाकी शून्य आली नाही.

आमसूल

__/\__ ही चाळणी शाळेत दाखवली असती तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

झोपाळू_प्रोग्रामर

थांबा थांबा. २४८? हा आकडा मी दुसरीकडे पाहिलाय. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला होता. विमानाची वीज न तोडता सलग २४८ दिवस चालू ठेवली तर जनरेटर कंट्रोलमधला एक काउंटर ओसंडतो आणि सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात, म्हणून अधूनमधून वीज तोडून परत चालू करा. सेकंदाचे शंभर भाग धरून मोजत गेलात तर २१४७४८३६४७ ला पोचायला २४८ दिवस आणि तेरा-एक तास लागतात.

ऑयलरचा २४८ आणि विमानाचा २४८ एकच?

निम्मा_गणिती

योगायोग. ऑयलरचा २४८ म्हणजे ८ × ३१. विमानाचा येतो सेकंदाचे शंभर भाग आणि दिवसाचे ८६४०० सेकंद यातून. पृथ्वी थोडी हळू फिरली असती तर तुमचा २४८ बदलला असता, ऑयलरचा नाही. पण योगायोग झकास आहे, हे मान्य.

मंदाकिनी_ठाणे

मी मूलांक म्हटलं तर हसलात. आता दोन २४८ जुळले तर "झकास".

निम्मा_गणिती

टोला मान्य, ताई.

पेन्शनर_नाशिक

धागा वाचतोय. डोंबिवलीकर सेक्रेटरीसाहेब, तुमच्या गावाचं नाव एका संख्याकुळाला आहे, माहीत आहे का? देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांची कल्पना त्यांना डेम्लो स्टेशनवर सुचली, म्हणून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटलं. डेम्लो म्हणजे आत्ताचं डोंबिवली.

आता कापरेकर-पद्धतीने तुमच्या संख्येकडे बघू. त्यांचा एक खेळ असा: कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, जी येईल तिची ती "जनक". २१ + ३ = २४, म्हणून २४ चा जनक २१. जिला जनकच नाही ती स्वयंभू, जशी २०. कापरेकर स्वयंभू संख्यांना देवळाली संख्याही म्हणत.

तुमची स्वयंभू आहे का ते काल रात्री कागदावर करून पाहिलं. नाही. २१४७४८३६०६ घ्या. अंकांची बेरीज ४१. मिळवा: २१४७४८३६४७. जनक सापडला.

पण झोप येईना म्हणून मागच्या शंभरातही शोधलं. २१४७४८३५९७, अंकांची बेरीज ५०. मिळवा: पुन्हा २१४७४८३६४७! दोन जनक. ज्या संख्येला एकाहून जास्त जनक असतात तिला कापरेकर जंक्शन संख्या म्हणत. सगळ्यात लहान जंक्शन १०१, तिच्याकडे ९१ वरूनही येता येतं आणि १०० वरूनही.

म्हणजे तुमच्या ६३ सभासदांना जंक्शनवर उतरवून ठेवलंय.

आमसूल

काका, हे कुठल्याही वेबसाइटवर नसेल. कागद जपून ठेवा.

हर्षद संख्या आहे का तेही सांगून टाकतो, तोही शब्द कापरेकरांचाच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग गेला तर हर्षद. इथे बेरीज ४६ आणि संख्या मूळ, तेव्हा प्रश्नच मिटला. जोडमूळ संख्या, म्हणजे दोनच्या अंतरावर दुसरी मूळ संख्या असलेली, आहे का? तीही नाही. दोनने मागची ५ ने संपते, दोनने पुढच्या २१४७४८३६४९ च्या अंकांची बेरीज ४८, म्हणजे ३ ने भाग जातो. शेजारपाजार नसलेली आहे बिचारी.

पण नातेवाईक मोठे. युक्लिडचा नियम असा की २^p − १ मूळ असेल तर तिला २^(p−१) ने गुणल्यावर परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण म्हणजे स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच, जशी ६ = १ + २ + ३. आपल्या संख्येपासून बनते २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८. ही आठवी परिपूर्ण संख्या. इंग्रज गणिती पीटर बार्लोने १८११ मध्ये छापून टाकलं होतं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच शोधली जाणार नाही, कारण या नुसत्या गमतीच्या संख्या आहेत, उपयोग शून्य, तर पुढे शोधायला बसणार कोण!

डॅलसकर

बसले की. १८७६ मध्ये एद्वार ल्यूकाने ३९ अंकी २^१२७ − १ मूळ असल्याचं दाखवलं, तेही हातानेच. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ सापडली, चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकांची. बार्लोसाहेबांना एवढे बेकार लोक जगात असतील याची कल्पना नसावी.

सातारी_कंदी

मी पण एक करून बघितलं. प्रत्येक पूर्ण संख्या जास्तीत जास्त चार वर्गांची बेरीज असते असं कुठेतरी वाचलं होतं. ४६३४० चा वर्ग वजा केला, उरले ८८०४७. दीड तास घालवला, तीन वर्गांत बसेचना!

निम्मा_गणिती

बसणारच नव्हते. वर्गाला ८ ने भागलं की बाकी ०, १ किंवा ४ येते. यातले तीन घेऊन ७ करून दाखवा. नाही होत. ८८०४७ ची बाकी ७. आपल्या मूळ संख्येचीही ७, म्हणून तिला तीन वर्गही पुरत नाहीत, चारच लागतात. एक पायरी खाली उतरून ४६३३९ ने सुरू करा.

सातारी_कंदी

झालं!!! ४६३३९² + ४२५² + १०² + १². बायकोला दाखवलं, ती म्हणाली गॅसचा नंबर लावलास का.

झोपाळू_प्रोग्रामर

उपयोग शून्य म्हणणाऱ्यांसाठी एकच. १ घ्या, १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागून बाकी ठेवा, तिला परत १६८०७ ने गुणा. १, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३, ९८४९४३६५८... आकडे कसेही उड्या मारल्यासारखे दिसतात. भाजक मूळ आहे आणि १६८०७ नीट निवडलेला आहे, म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच येते आणि मगच चक्र परत सुरू होतं. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी यादृच्छिक आकड्यांसाठी निदान एवढं तरी असावं म्हणून ही रीत सुचवली. सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषेत आजही ती तयार मिळते. (पासवर्डसाठी वापरू नका, पुढचा आकडा कुणीही सांगेल.)

काका, पार्किंगची सोडत कशी काढता?

सेक्रेटरी_नाइलाजाने

चिठ्ठ्या टाकून. पाहुण्याच्या लहान मुलीला उचलायला लावतो. तिथे तुमचा १६८०७ आणला तर मला सोसायटी सोडावी लागेल.

अपडेट देतो. मुलाने रकान्याचा प्रकार बदलून अक्षरांचा केला, "मोबाइल नंबरची कुणी बेरीज करतं का" हे त्याला आत्ता पटलं. काल वॉचमनची वही घेऊन ६३ नंबर पुन्हा भरले. ४०४ चा शेवटचा अंक चहाच्या डागाखाली गेलाय, तो १ आहे की ७ ते विचारायला वर जावं लागलं.

२०३ च्या आजोबांना हा सगळा धागा छापून नेऊन दिला, ते निवृत्त गणित शिक्षक आहेत आणि मोबाइल वापरत नाहीत. निम्मा_गणितींची चाळणी वाचून झाल्यावर म्हणाले, "ऑयलरवर विश्वास आहे, पण स्वतः बघितलेलं बरं." आज सकाळी टँकरची सही घ्यायला गेलो तर टेबलावर फुलस्केप कागद. ३११ ने बाकी ३५, १३०३ ने २२६, १४८९ ने १९९. पुढचा मूळ उमेदवार थेट २५४३, मधले सगळे गळाले. त्या मधल्यांत २०४७ लागला, त्यापुढे त्यांनी कंसात लिहिलंय: "२३ × ८९, ओळखीचा." २५४३ चा भागाकार माझ्यासमोर संपवला, बाकी १५२३.

सही राहिलीच. संध्याकाळी परत जातो.